चहा सांडतो तो सीन

मारुंजीत खोली मिळावी म्हणून मी जी मुलाखत दिली, तेवढी अवघड मुलाखत पुढे कुठल्याही कंपनीने घेतली नाही. हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी नुकतीच लागली होती आणि लातूरहून आणलेल्या दोन बॅगा मैत्रिणीच्या खाटेखाली पडून होत्या. मालकांनी आधार कार्ड पाहिलं नाही, पगार विचारला नाही, लग्नाचं तर नाहीच नाही. गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, हातात कपबशी दिली आणि किटलीतून चहा ओतायला लागले. कप भरत आला तरी धार थांबेना. मी "बस, बस" म्हणाले. ते शांतपणे माझ्या तोंडाकडे बघत ओतत राहिले. चहा काठावर आला तशी मी कप झटकन बाजूला घेतला आणि उरलेली धार फरशीवर पडली.

"खोली तुजी," मालक म्हणाले.

मला वाटलं, म्हातारा थोडा सरकलेला आहे. नंतर कळलं की सगळ्याच भाडेकरूंची अशी परीक्षा होते आणि तिच्यामागे पक्का विचार आहे. आमच्याकडे पाणी टँकरचं. टाकी भरली की निम्मी मंडळी नळ उघडा ठेवून कामावर निघून जातात. मालकांचं म्हणणं असं, की कप भरताना ज्याची नजर कपावर असते तो माणूस घरातले नळ बंद करून जातो.

"आणि जे कपाकडे न बघता तुमच्याकडे बघत बसतात त्यांचं काय?" मी एकदा विचारलं.

"ती मानसं लई चांगली असत्यात," मालक म्हणाले. "पर त्यास्नी खोली देत न्हाई. पानी सांडत्यात."

डोक्यावर पांढरी टोपी, अंगात तीन गुंड्यांचा सदरा, खाली पायजमा आणि पायात कुणीतरी खोली सोडताना मागे टाकलेले पोपटी रंगाचे धावण्याचे बूट, असा त्यांचा अवतार. ते बूट त्यांना एक माप मोठे होते, त्यामुळे जिन्यात त्यांची चाहूल आधी लागायची. जिथे त्यांच्या वडिलांचं आंबेमोहोराचं खाचर होतं तिथे आता चार मजली इमारत होती आणि खोल्याखोल्यांतून आम्ही भरलेलो होतो. मालकांना आमची नावं पाठ होत नसत. ते आम्हाला गावावरून हाक मारत. मी 'लातूर', समोरचा 'बिहार', वरच्या मजल्यावरचा अबोल पोरगा 'ओरिसा'. परभणीच्या दोघी आल्या तेव्हा मोठी पंचाईत झाली. मग एक 'परभणी' राहिली आणि दुसरीला त्यांनी बिनदिक्कत 'नांदेड' करून टाकलं. तिची तक्रार त्यांनी ऐकून घेतली आणि पुढे नांदेडच म्हणत राहिले.

रविवारी सकाळी गच्चीवर सगळ्यांनी चहाला यायचं, हा त्यांच्या घराचा एकमेव नियम. रात्रपाळी होती, डोकं दुखतंय, आंघोळ व्हायचीय, काही चालायचं नाही. पोपटी बूट दारात येऊन उभे राहत. पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्च्या मांडलेल्या असत. चहा काकी, म्हणजे त्यांच्या मंडळी, खालून करून पाठवत आणि ओतायचं काम मालकांचं. कप चिनी मातीचे आणि प्रत्येकाला बशी. आमच्यातल्या निम्म्यांना बशीचं काय करायचं तेच ठाऊक नव्हतं. ओरिसा तिच्यात मोबाईल ठेवायचा. मी एकदा काकींचं काम वाचावं म्हणून कागदी कप आणले, तर मालक दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

कारण कपबशीशिवाय त्यांना सीन सांगता येत नसे.

हा सीन म्हणजे मालकांचं सर्वस्व. जन्मात त्यांनी एकच इंग्रजी सिनेमा पाहिला, तोही तरुणपणी, पुण्यात कॅम्पातल्या एका थिएटरात, तोही चुकून. काहीतरी शिवायला टाकलं होतं आणि शिंप्याने दुपारी या म्हणून सांगितलं. वेळ काढायचा होता. समोर थिएटर, आणि पोस्टरवर हातात किटली घेऊन उभी असलेली एक बाई. त्यांना वाटलं, घरगुती सिनेमा दिसतोय. अंधार झाला, पडद्यावरची माणसं बोलायला लागली, तेव्हा कळलं की भाषाच आपली नाही. पैसे भरलेले, म्हणून बसून राहिले. नाव काय सिनेमाचं, नट कोण, काहीही त्यांना सांगता येत नसे. पण तो एक सीन मात्र ते किटली हातात घेऊन असा उभा करायचे, की दर रविवारी ऐकूनही आमचे कप हातात तसेच राहायचे.

"एक बाई हाय. गोरी, हडकुळी. सैपाकघरात उभी. लढाई संपलीया. हिचा भाऊ लढाईला गेल्याला, त्यो मेला म्हनून समद्यांनी धरलंय. आन् एक दिस त्यो दारातनं आत येतो आन् गुमान खुर्चीत बसतो. आपल्याला त्याचं तोंड दिसत न्हाई. नुसती पाठ. कॅमेरा हिच्या तोंडावर. ती रडत न्हाई, बोलत न्हाई. किटली उचलती आन् च्या ओताया लागती. नजर भावाच्या तोंडावर. कप भरला, बशी भरली, टेबलावर आला, खाली पडाया लागला. बाई आपली ओततीच हाय."

इथे ते थांबायचे. बिहारला समजावं म्हणून "वो बाई वततीच है" असं हिंदीत एकदा सांगायचे आणि मग आवाज खाली आणायचे.

"आता आतली गोष्ट ऐका. ती बाई नाटक करीत न्हवती. डायरेक्टरनं दिसभर त्यो सीन केला, पर दर खेपंला बाईची नजर कपावर जायाची. बाईमानसाची नजर ती, च्या वाया जाताना गप बसंल व्हय? शेवटी डायरेक्टरनं त्या नटाला उठवलं आन् त्याचाच कोट घालून खुर्चीत बाईचा खरा भाऊ आनून बसवला. त्या भाऊभनीचं बोलनं बंद व्हतं किती वर्सं. बाईला पत्त्या न्हाई. ती किटली घिऊन वळली आन् समोर खराखुरा भाऊ. मंग कुटला कप आन् कुटली बशी!"

ही आतली हकीकत त्यांना थिएटरात शेजारच्या खुर्चीत बसलेल्या एका चष्मेवाल्या गृहस्थांनी सिनेमा सुटल्यावर सांगितली होती. हा सीन जगभर गाजलेला आहे, असंही ते म्हणाले होते. गोष्टीचा शेवट मात्र मालकांचा स्वतःचा होता. किटली खाली ठेवत ते म्हणायचे, "समदं थेटर गप. आन् तेवढ्यात एक बाई वरडली, आवं, च्या सांडतुया! तशी लोकं जी हसली म्हनता!" आणि स्वतः मात्र हसायचे नाहीत. सांडलेलं काही नसतानाही फडक्याने फरशी पुसायचे.

आम्ही काय, दिवसभर नेटवर जगणारी माणसं. ओरिसाने आणि मी मिळून तो सिनेमा शोधायचा विडा उचलला. जुने सिनेमे, युद्धावरून परतलेला भाऊ, किटली, उतू जाणारा कप, जे सुचेल ते टाकून पाहिलं. किटल्या घेतलेल्या बायका पुष्कळ निघाल्या, पण ही बाई सापडली नाही. गोरे लोक कॉफी पितात, कदाचित कॉफी असेल, असं मी सुचवून पाहिलं. मालकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी पुन्हा कॉफीचं नाव काढलं नाही. "तुमच्या मोबाईलमधी आमच्या थेटरातला पिच्चर कसा घावंल?" ते म्हणाले. मला खात्री होती की निम्मा सिनेमा त्यांनी मनाने रचलेला आहे, पण ते तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती.

त्या डायरेक्टरचा धडा मात्र त्यांनी मनावर घेतला होता. "आदी सांगितलं की मानसाचं तोंड खोटं व्हतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे घरात कुठलीही गोष्ट सांगून होत नसे. एका रात्रीत जिना गुलाबी व्हायचा. ओरिसाचे आईवडील पहिल्यांदा गावाहून आले, तेव्हा मालकांनी त्यांना काकींच्या स्वयंपाकघरात बसवलं आणि पोराला हाक मारली, "ओरिसा, खाली ये, नळ गळतुया." तो हातात पाना घेऊन आला. आईला बघितल्यावर पाना हातातच राहिला आणि तो दारातच मटकन खाली बसला. आम्ही सगळे हसत होतो, टाळ्या वाजवत होतो. मालक दिसेनात म्हणून मी बघायला गेले, तर ते मागच्या मोरीत उभे राहून टोपीने डोळे पुसत होते. मला पाहून म्हणाले, "साबन गेला." साबणाला हातही लावलेला नव्हता.

त्यांची आणखी एक सवय होती. रोज संध्याकाळी ते शेजारच्या जांबे गावाच्या रस्त्याने फिरायला निघायचे. त्या रस्त्यावर टेंपो, डंपर आणि कंपन्यांच्या बसगाड्या यांच्यातून माणसाने चालणं म्हणजे जिवावरचा खेळ. मी कामावरून परतताना स्कूटीवरून त्यांना पाहायची. जांब्यातल्या पहिल्या घरांपर्यंत ते झपाझप जात. तिथे एका पंक्चरवाल्याच्या दुकानाशी थांबत, बुटाची नाडी सोडत, परत बांधत आणि माघारी फिरत. पुढे कधी गेले नाहीत. मी काकींना गमतीने म्हटलं, "काकी, मालकांचं जांब्यात कुणी आहे वाटतं!"

काकी मेथी निवडत होत्या. त्या हसल्या नाहीत. "हाय ना," म्हणाल्या. "त्यांची भन हाय. धाकटी."

मग त्यांनी सांगितलं. भातखाचराच्या पलीकडचा मालकांचा एक तुकडा होता, तो बांधकामवाल्याला द्यायचा ठरला. वडिलोपार्जित जमीन म्हणजे बहिणीचीही सही लागते. आमच्या या पट्ट्यात अशा सह्यांवरून किती भाऊबहिणी कोर्टात गेल्या, त्याची गणती नाही. इथे तसं काही झालं नाही. बहिणीने काही मागितलं नाही. पण मालकांना तिच्या दारात जाऊन सही मागायची लाज वाटली. त्यांनी वकिलाच्या माणसाला कागद घेऊन गाडीतून पाठवलं. बहिणीने मुकाट्याने सही केली, त्या माणसाला चहा पाजला आणि म्हणाली, "भावाला सांगा, तुजं काम झालं. आता माजं तितं काय काम न्हाई." त्या वर्षी ती भाऊबीजेला आली नाही. पुढेही कधी आली नाही.

"येऊन मागितलं आसतं, तर जीव दिला आसता तिनं," काकी म्हणाल्या. "ह्ये रोज जात्यात आन् पंक्चरवाल्यापासनं परत येत्यात. तोंड कसं दावू म्हनत्यात."

मी नुसतीच मेथीची पानं खुडत राहिले. काकींनीच पुढचं सांगितलं. "त्यो पिच्चर दोघांनी मिळून बघितल्याला. तिच्या लग्नाचा बिलाउज शिवाया टाकला व्हता कॅम्पात. थेटरात वरडली म्हनत्यात ना, ती बाई म्हंजी ही. आन् आजून सांगू का, पयलं त्या गोष्टीत खुर्चीत त्या गोऱ्या बाईचा नवरा व्हता. चष्मेवाल्यानं नवराच सांगितल्याला. हिचं येनं बंद झालं, तवापासनं त्याचा भाऊ झालाय."

त्या दिवसापासून मला त्या सीनवर हसू येईना. सिनेमा खरा की रचलेला, याच्याशी मला आता काही कर्तव्य नव्हतं. डायरेक्टरने केलं ते आपणच का करू नये, हे आधी काकींच्या तोंडून निघालं आणि मी लगेच स्कूटीची किल्ली आणली.

जांब्याला जायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बहीण ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं मालकांचं, फक्त टोपी तेवढी नव्हती. तिने काकींना पाणी दिलं, ख्यालीखुशाली विचारली आणि मग सरळ विचारलं, "दादानं बोलावलंय व्हय?"

काकींना खोटं बोलता येत नाही. "न्हाई," त्या म्हणाल्या.

"मंग वैनी, तुमी कशाला आलाव?"

मला राहवेना. मी म्हटलं, "मालक दर रविवारी आम्हाला तुमच्या सिनेमाची गोष्ट सांगतात. चहा सांडतो तो सीन."

तिचा शेंग फोडणारा हात थांबला. "त्यात मी आसती का?"

"असता. एक बाई ओरडली, असं सांगतात."

"वरडली?" बहीण एकदम तापली. "मी वरडले न्हवते! हळूच त्याच्या कानात बोलले व्हते, दादा, च्या सांडतुया. थेटर गप व्हतं म्हनून समद्यांस्नी ऐकू गेलं. लोकं हसली तर ह्यो मलाच चिमटा काढून म्हनतो, गप, लोक हसत्यात! आन् आता मी वरडले म्हनून सांगतोय व्हय गावभर?" तिने शेंगांचं सूप बाजूला सारलं, पदराने तोंड पुसलं. तिची नजर रस्त्याकडे गेली. मग म्हणाली, "रोज पंक्चरवाल्यापाशी येतो. मला दिसतो हितनं. नाडी बांदतो आन् जातो." येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही. आम्ही परत आलो आणि काकी दोन दिवस धड जेवल्या नाहीत.

रविवारी चहाला सगळे हजर होते. बिहारचा एक मित्र खोली बघायला आला होता, त्यामुळे मालक खुशीत होते. नवा श्रोता मिळाला होता. जिन्याकडे पाठ करून त्यांनी बाईला स्वयंपाकघरात उभी केली, भावाला खुर्चीत बसवला. तेवढ्यात काकी वर आल्या. त्यांच्यामागून बहीण आली. मी माझी खुर्ची सोडली. बहीण आवाज न करता तिथे बसली आणि माझी कपबशी तिने हातात घेतली.

मालक गोष्ट सांगत सांगत ओळीने कप भरत येत होते. ओरिसाचा भरला. परभणीचा भरला. नांदेडचा भरला. पुढच्या कपावर त्यांनी किटली धरली आणि त्यांची नजर कप धरलेल्या हातावर गेली. मनगटावर हिरवं गोंदण होतं. मालकांचं बोलणं अर्ध्या वाक्यात थांबलं.

आता सांडणार, असं मला वाटलं. सगळ्यांनाच वाटलं असणार. त्यांनी चहा ओतला. काठाच्या बरोब्बर खाली धार थांबवली. एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही. आयुष्यात इतक्या काळजीने त्यांनी कुणाचा कप भरला नसेल. पण त्यांची मान वर झाली नाही. तोंडाकडे बघायची हिंमत त्यांना झाली नाही, म्हणून ते कपाकडेच बघत राहिले. किटली तशीच हातात, पोपटी बूट तसेच जागच्या जागी. त्या म्हाताऱ्या मानेकडे बघून मला रडू आलं.

बहीण मात्र त्यांच्याकडेच बघत होती. टोपीकडे, खाली घातलेल्या डोळ्यांकडे, पांढऱ्या झालेल्या भुवयांकडे. बघता बघता तिने सवयीने कप तिरका केला आणि चहा बशीत ओतायला लागली. बशी भरली. चहा काठावरून तिच्या बोटांवर आला, नव्या लुगड्यावर आला, फरशीवर टपटपायला लागला. तिला पत्ता नव्हता. तिचे डोळे भावाच्या तोंडावरून हलत नव्हते.

मालक एकटेच खाली बघत होते, म्हणून ते आधी त्यांनाच दिसलं. त्यांचे ओठ हलले.

"तायडे," ते म्हणाले, "च्या सांडतुया."

"गप रं दादा," बहीण म्हणाली. "लोक हसत्यात."

गच्चीवर कुणीच हसत नव्हतं.